आधी पाण्याची वाट, मग पायाचा खड्डा

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं पावसाच्या पाण्याबद्दल आहेत. साहजिक आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरकराला कूलर सुचतो आणि बांधकामवाल्याला नाला. तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण वर्धा रोड, हिंगणा, उमरेड रोड, जिकडे जाते तिकडे मला हेच चित्र दिसतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. जामठ्याच्या पुढे आमची पाच एकर जागा आहे. मागे गोदाम आणि रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे, असं काम मार्चपासून सुरू आहे. जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते, पूर्वेला नाला आहे. पश्चिमेला कुणाची तरी आठ एकर पडीक जमीन आहे, तिचं पाणी आमच्यातूनच जातं. काळी माती काढून नाल्याच्या काठाला ढीग मारून ठेवली आहे. मागच्या जुलैत नुसतं सपाटीकरण झालं होतं, तेव्हाच चिखलाचं पाणी शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत शिरलं आणि भांडण झालं. ठेकेदार म्हणतो, खालच्या बाजूला सहा फुटी कंपाउंड वॉल बांधू, ६०० मिलिमीटरचा एक पाइप नाल्यात सोडू, बाकी नाल्या शेवटी पेव्हर ब्लॉकच्या वेळी करू. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचा ठेकेदार पाण्याशी खालच्या टोकाला लढायला निघाला आहे. तिथपर्यंत पोचलेलं पाणी माती घेऊन, वेग घेऊन आलेलं असतं. सुरुवात वरून करायची, आणि शेवटी नव्हे, आत्ता. पावसाला अजून दोन-तीन आठवडे आहेत. पोकलेन साइटवर आहेच, म्हणजे अर्धं काम झालेलं आहे.

आधी थोडा हिशोब, म्हणजे पाइपचा प्रश्न मिटेल. हेक्टरला मिलिमीटरने गुणा, पुन्हा दहाने गुणा, घनमीटर येतात. तुमचे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरा. आपल्याकडच्या जोरदार सरीला हा आकडा काही फार नाही. म्हणजे तासाभरात १२०० घनमीटर पाणी पडलं. शेत होतं तेव्हा त्यातलं, समजा, निम्मं वाहून जायचं. छत, काँक्रीट आणि पेव्हर झाल्यावर दहातले नऊ भाग वाहणार, म्हणजे १०८० घनमीटर. दहा हजार लिटरचे १०८ टँकर, एका तासात. सेकंदाला ३०० लिटर झाले. ६०० मिलिमीटरचा पाइप दोनशेला एक उताराने टाकला तर सेकंदाला ४३० लिटरच्या आसपास नेतो. ठेकेदार खूश. पण पश्चिमेच्या आठ एकरांचं पाणी त्याने धरलेलंच नाही. तिथून सेकंदाला आणखी २६५ लिटर येतात. बेरीज करा. शिवाय हा पाइप साफ असतानाचा हिशोब आहे; तुमच्या साइटच्या चिखलाने तो पहिल्या पंधरवड्यातच अर्धा भरेल.

म्हणून पहिलं काम पश्चिमेच्या हद्दीवर. वरून येणारं पाणी तुमच्या उघड्या मातीला शिवता कामा नये. हद्दीला लागून वळण-चर घ्या : तळाला दोन फूट रुंद, दीड फूट खोल, बाजू दीडास एक (आडवं दीड, उभं एक) उतरत्या, लांबीत दोनशेला एक उतार. एवढ्या चरातून वरच्या आठ एकरांचं पाणी जातं आणि त्याचा वेग सेकंदाला मीटरच्या आत राहतो, म्हणजे चर स्वतः खरवडत नाही. निघालेली माती चराच्या खालच्या काठावर बांध म्हणून दाबून बसवा. पुढे हा चर हद्दीच्या कडेने पूर्वेकडे उतरेल तिथे उतार वाढतो. तिथे डबर लावा आणि अधेमधे दगडांचे छोटे आडबांध घाला. बांध दीड फूट उंच आणि उतार शंभराला दोन असेल तर दोन बांधांत बावीस मीटर अंतर पुरतं. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत आला की झालं. मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुकादम हौसेने माथा सपाट करतो, पाणी मग कडेने वाट काढतं आणि बांध जागेवर राहून शेजारी नवी घळ पडते. चराचं तोंड नाल्यातच उघडलं पाहिजे, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर नाही.

आता काळ्या मातीबद्दल. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचे पहिले एक-दोन पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातात आणि साइटवर पाणी दिसतही नाही. मग सगळे निवांत होतात. ‘मॅडम, आपल्या जागेत पानी मुरते, टेन्शन नका घेऊ,’ हे मला दरवर्षी कुणीतरी ऐकवतं. जुलै उजाडेपर्यंत माती फुगून भेगा बुजलेल्या असतात, त्यानंतर तीत पाणी जेमतेम शिरतं, उरलेलं वरूनच वाहतं. तुमच्या शेजाऱ्याकडे चिखल जुलैत गेला, जूनमध्ये नाही, तो यामुळेच.

आणि ही माती एकदा पाण्यात मिसळली की परत मिळत नाही. बघायचं असेल तर ढिगातली मूठभर माती पाण्याच्या बाटलीत टाका, जोरात हलवा आणि कठड्यावर ठेवून द्या. वाळूचे कण तुमच्यादेखत बसतील. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कणांची माती, दुपारपर्यंत बसेल. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल. एक दशांश मिलिमीटरचा कण एक मीटर पाणी दोन-एक मिनिटांत उतरतो. शतांश मिलिमीटरचा साडेतीन तास घेतो. आणि चिकणमातीचा, सहस्रांश मिलिमीटरचा, जवळजवळ दोन आठवडे. तेव्हा खाली गाळखड्डा केला की सगळी माती अडेल या भरवशावर राहू नका. खड्डा वाळू आणि पोयटा अडवतो. चिकणमाती जागेवरून हलू न देणं हाच तिच्यावरचा इलाज.

जागेवर कशी ठेवायची? झाकून. पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडतो तेव्हा काय होतं ते बघायला पहिल्या पावसानंतर प्लिंथच्या भिंतीजवळ जा. फूटभर उंचीपर्यंत चिखलाचे ठिपके दिसतील. पाणी वाहायला लागण्याआधीच थेंबाने माती फोडून उडवलेली असते. त्यामुळे जिथे पुढचा महिनाभर काम नाही, तो भाग उघडा ठेवू नका. मौदा, रामटेककडून धानाचं तणीस आणा, एकरी दोन टन. खालची माती दिसेनाशी झाली पाहिजे. वादळी वाऱ्यात ते उडतं, म्हणून ट्रॅक्टरने दाबून घ्या किंवा वरून सुतळी ताणून खुंट्या मारा. उताराच्या बाजूंवर काथ्याची जाळी अंथरा आणि हरळी लावा. चराच्या काठाला वाळा लावलात तर उत्तम. नागपूरकर वाळ्याला कूलरच्या ताट्यांपुरताच ओळखतो, पण त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि काठ धरून ठेवतात. पाचही एकर एकदम उघडायची गरज आहे का, हेही विचारा. दुकानांची बाजू दिवाळीनंतर सुरू होणार असेल तर तिथलं गवत आत्ता कशाला खरवडायचं? पोकलेनचं भाडं सुरू आहे म्हणून, हे एकच उत्तर मला आजवर मिळालं आहे.

नाल्याकाठचा ढीग या आठवड्यात हलवा. ते आधी, बाकी नंतर. नाल्यात माती ढकलायची यापेक्षा सोपी व्यवस्था नाही, आणि नाल्याचं पात्र अरुंद झाल्याची तक्रार झाली तर नोटीस तुमच्या नावाने येईल, ठेकेदाराच्या नाही. ढीग वरच्या, सपाट भागात न्या, दोन मीटरपेक्षा उंच करू नका, तणसाने झाका आणि पायथ्याशी गाळ-कुंपण, म्हणजे वाहती माती अडवणारं कापडी कुंपण, लावा. काळी माती इमारतीच्या पायाखाली नको असते, तिच्या जागी मुरूम भरावा लागतो, हे खरं. पण बगिच्याला तीच लागते. शेवटी तुम्ही ती विकत आणाल.

गाळ-कुंपण म्हणजे हिरवी शेडनेट नव्हे. उन्हाळ्यात तुळशीवर बांधतात ती जाळी बांबूंना लावून ‘पर्यावरणाचं काम केलं’ म्हणणाऱ्या साइट मी पाहिल्या आहेत. तिच्यातून चिखल जसाच्या तसा पलीकडे जातो. विणलेलं भूवस्त्र, म्हणजे जिओटेक्स्टाइल कापड, घ्या. जमिनीत वीतभर खोल चारी खणून त्याची खालची कड तीत पुरा आणि माती ठोकून बसवा. पुरलं नाही तर पाणी खालून जाणार. कुंपण समपातळीत धरा, टोकं चढाच्या बाजूला वळवा. तीस मीटर कुंपणामागे पाव एकराहून जास्त जमीन नको. आणि नाल्यात किंवा चरात आडवं तर कधीच लावू नका, पहिल्याच लोंढ्यात खुंट्यांसकट जाईल.

यानंतर गाळखड्डा. जागा आग्नेय कोपऱ्यात, नाल्याच्या अलीकडे. अमेरिकेत बांधकामाच्या साइटसाठी दर एकराला ३६०० घनफूट असा ठोकताळा वापरतात, म्हणजे हेक्टरी साधारण २५० घनमीटर. तुम्हाला ५०० लागतील : २५ मीटर लांब, १४ रुंद, दीड मीटर खोल. बाजू उतरत्या ठेवायच्या, म्हणून वरचं माप याहून थोडं मोठं घ्या. पाणी एका टोकाने येऊ द्या आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी ठेवली तर पाणी बसायच्या आधीच निघून जातं. बाहेर काढायला भोकं पाडलेला उभा पाइप, त्याच्याभोवती गिट्टी. अतिवृष्टीसाठी काठावर एक दगडी सांडवा हवाच. खड्डा अर्धा गाळाने भरला की उपसा. आणि भोवती कुंपण घाला. मजुरांची पोरं साइटवरच खेळतात. पाऊस थांबल्यावर वरचं पाणी गढूळच राहिलं आणि खड्डा रिकामा करायची घाई असेल, तर तुरटी चालते. पण आधी बादलीत करून बघा किती लागते ते, खड्ड्यातच टाका, गाळ बसू द्या, मगच वरचं पाणी सोडा. वाहत्या नाल्यात तुरटी टाकायची नाही.

हा खड्डा काम संपल्यावर बुजवू नका, ही माझी खास विनंती. मघाचा हिशोब बघा : शेत असताना तासाला ६०० घनमीटर जायचे, आता १०८० जाणार. फरक ४८०. खड्डा ५०० चा. गाळ काढून, बाजूंना दगड लावून आणि बाहेर जाणारा पाइप बारीक करून तोच कायमचा साठवण-तलाव होतो. सरीचं जादा पाणी धरतो आणि हळूहळू नाल्यात सोडतो. बहुतेक जण नेमका इथेच पार्किंगचा शेवटचा कोपरा काढतात. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. शहराने काँक्रीट वाढवलं आणि पाणी थांबायच्या जागा कमी केल्या, त्याचाही त्यात वाटा होता. तुमचा नाला जामठ्याकडचा असला तरी त्याच्या काठावरही कुणीतरी राहतं.

राहिली भिंत. बांधा, पण काळ्या मातीवर सहा फुटी भिंत आणि तळात पाणी जायला भोकं नाहीत, म्हणजे तुम्ही धरण बांधताय, तेही धरणाचा पाया न घेता. मागे पाणी साचतं, माती फुगते, भिंत झुकते. उमरेड रोडला अशी एक भिंत मी पडलेली बघितली आहे. रात्रीची वेळ होती म्हणून तिच्याखाली कुणी सापडलं नाही. दर दोन-अडीच मीटरवर तळाशी भोकं ठेवा, मागे गिट्टीचा थर द्या.

फाटकाचं विसरू नका. टिप्परची चाकं चिखल थेट वर्धा रोडवर नेतात आणि पहिल्या सरीत दुचाकीवाले घसरतात. आत येणाऱ्या वाटेवर पंधरा मीटर लांब, वीतभर जाड, मोठ्या गिट्टीचा पट्टा टाका, खाली भूवस्त्र अंथरा, नाहीतर गिट्टी काळ्या मातीत गडप होते. कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते : एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत पावसाच्या पाण्याचा निचरा असतो. त्या अटी एकदा स्वतः वाचा. फाइल आर्किटेक्टकडे असते आणि चिखल साइटवर, दोघांची गाठ पडत नाही.

प्रश्न : मनीषनगरला आमचा आठ दुकानांचा छोटा कॉम्प्लेक्स आहे. समोर पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून थोड्या पावसातही पाणी दुकानात येतं. नाली तर समोरच आहे. ब्लॉक काढून काँक्रीट करावं का?
– एक वाचक

उत्तर : काँक्रीट करून पाणी वाढेलच, दादा. एक पारदर्शक नळी घ्या, गवंड्याकडे असते, तीत पाणी भरा आणि दुकानाचा उंबरा नि नालीचा काठ यांची पातळी तपासा. बहुधा नव्या ब्लॉकच्या थराने अंगण दोन-तीन इंच चढलं आहे आणि उतार दुकानाकडे झाला आहे. ब्लॉक उचला, खालची चुरी कमी करा, शंभराला एक असा उतार नालीकडे द्या आणि तेच ब्लॉक परत बसवा. नवीन काही घ्यायचं नाही.

मग नालीवरची जाळी उचलून आत बघा. कोपऱ्यावर पानठेला आहे का? असेलच. खर्ऱ्याच्या पन्न्या जाळीच्या फटीत एकावर एक बसतात आणि झाकण लावल्यासारखी नाली बंद होते. ठेल्याला एक डबा द्या आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा जाळी साफ करण्याचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या. आठ दुकानांत मिळून कुणीच करत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमचं शेत उताराच्या खालच्या बाजूला. वर एका बिल्डरनं लेआउट पाडलं तेव्हापासून सगळं पानी आमच्या संत्र्यात येते. मी धुऱ्यावर चार फुटी बांध घालून पानी अडवलं तर चालते का? आणि झाडांचं काय करू?
– एक शेतकरी, हिंगणा तालुका

उत्तर : काका, बांधाची घाई करू नका. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमात हे उदाहरणच दिलेलं आहे : वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक प्रवाहातून न जाणारं पाणी खालच्या जमिनीत नैसर्गिकपणे वाहू देणं खालच्या मालकावर बंधनकारक आहे. हा कायदा मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याकडे, सुरुवातीपासून होता; मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. तेव्हा सगळंच पाणी अडवलंत तर तुम्हीच अडचणीत याल. पण कायद्यातला शब्द ‘नैसर्गिकपणे’ आहे. बिल्डरनं नाल्या काढून सगळं पाणी एका तोंडाने तुमच्या धुऱ्यावर सोडलं, जमिनीचा उतार बदलला, सोबत चिखल पाठवला, तर ते त्यात बसत नाही.

पावसाआधी फोटो काढून ठेवा, तारखेसकट. बिल्डरच्या नालीचं तोंड, तुमचा धुरा, बागेतली माती, सगळं एकाच जागेवरून. पावसानंतर पुन्हा तिथूनच. नुकसान झालं की लगेच तलाठ्याला कळवून पंचनामा मागा आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. वकिलाकडे जाल तेव्हा हेच कागद उपयोगी पडतील. बिल्डरशी आधी बोला. वर पहिल्या पत्रात सांगितलेला वळण-चर आणि खड्डा त्याच्याकडून करून घेणं दोघांनाही कोर्टापेक्षा स्वस्त पडेल. दरम्यान धुऱ्याच्या आतून एक चर घेऊन पाणी बागेच्या कडेने नाल्याकडे न्या. ते अडवणं नाही, वळवणं आहे. फक्त पुढच्या शेतकऱ्याच्या अंगावर सोडू नका.

झाडांचं मात्र आजच बघा. कलमाचा जोड, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली जागा, जमिनीच्या वर दिसते का? मागच्या वर्षीच्या गाळाने ती झाकली गेली असेल तर डिंक्या रोग धरायला वेळ लागत नाही. गाळ कुदळीने नको, हाताने किंवा खुरप्याने काढा, साल सोलता कामा नये. जोड वीतभर मोकळा करा, खोडाभोवती पाणी साचणार नाही अशी माती बाहेरच्या बाजूला उतरती ओढा आणि पावसाआधी खोडाला बोर्डो मलम लावा. कुठल्या झाडातून डिंक झिरपताना दिसला तर तेवढी साल खरवडून मगच मलम लावायचा. जास्त झाडांना रोग धरला असेल तर अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जा, सोबत मुळांजवळची माती आणि बारीक मुळं पिशवीत घेऊन.